मागच्या सीटखालचा कागद

फ्लिंटमध्ये, मार्चच्या उरल्यासुरल्या बर्फात,
अर्लीन गाडीची मागची सीट उचकटते.
स्प्रिंगांच्या गुंत्यात, उंदरांनी कडा कुरतडलेला
कारखान्याचा कागद.

श्वास रोखून, चिमट्याने
ती सोडवते एकेक घडी.
इंजिन, गिअर, काचा, सगळं जुळतं.
रंगाच्या चौकटीत मात्र: हिरवा.

चाळीस वर्षं क्लीटस सांगत आलाय,
लालच होती, पहिल्या दिवसापासून.

कोपऱ्यात पेन्सिलीने कुणीतरी
जादा तासांची बेरीज मांडलीय,
हातचा एक विसरून.

अर्लीन काही खोडत नाही. इस्त्रीही फिरवत नाही.
दोन काचांमध्ये कागद निजवते,
उंदराच्या दातांसकट.

क्लीटस बोलत नाही.
दाराच्या बिजागरीपाशी वाकून
नखाने लाल रंग खरवडतो.
थोडासाच.