हातचे दोन

साठ डॉलर वर्षाला.
नवी नियमपुस्तकं वेगळी, त्यांचे पैसे वेगळे.
फुकट वापरायची मुदत आज रात्री बारापर्यंत,
आणि आत्ता सव्वादहा.
बाहेर थंडर बे गोठत चाललंय,
धान्याच्या कोठारांवरचे तांबडे दिवे
सरोवराच्या कडेला उघडझाप करतायत.

कीगन म्हणतो, घेऊन टाक, लेम्पी.
दहा मिनिटांत पात्र तयार.
वंश निवड, पेशा निवड, बाकीचं ते बघतं:
कौशल्यं, शस्त्रांचं वजन, दिवसाला मंत्र किती,
सगळं एका पानावर, खाडाखोड नाही.
खरं आहे त्याचं.
आमचं एकेक पात्र तीन-तीन संध्याकाळी खायचं.
रेजानच्या भिक्षूने तर अख्खा फेब्रुवारी खाल्ला,
कारण त्याला ठरवता येईना,
माणूस देव सोडतो
तेव्हा जपमाळेचं वजन सामानात धरायचं की नाही.

या प्रश्नाला इथे रकाना नाही.
पण त्यासाठी कोणी साठ डॉलर वाचवत नाही.
मी बंदरावर एकतीस वर्षं हिशेबनीस होते.
यंत्रं आली तेव्हा कोणी रडलं नाही,
बोटांवरची शाई नकोशीच झाली होती सगळ्यांना.

मग ऑलिसची ब्रिस्का भरायला घेतली.
तिचा कागद एकोणीस वर्षांचा.
जीव लिहितात तिथे खोडून खोडून भोक पडलंय,
मागून चिकटपट्टी.
भरत गेले, भरत गेले,
आणि तिथेच एक लाल त्रिकोण.
चौऱ्याऐंशी नाही. चौसष्ट.

पुन्हा भरलं. चौसष्ट.
पेन्सिल काढली, विजेच्या बिलामागे मांडलं,
अठ्ठावीस, सतरा, एकोणीस, एकाखाली एक.
आठ नि सात पंधरा, पंधरा नि नऊ चोवीस,
चोवीसाचे चार, हातचे दोन.
दोन नि एक तीन, तीन नि एक चार,
हातचे दोन मिळवले, सहा.
त्या रात्री मी ते दोनदा मिळवले होते.
मीच. ऑलिसचा चष्मा गाडीत राहिला होता,
अक्षर माझं आहे.

वीस जीव, फुकटचे.

आता तो पूल.
रेजान ओरडत होता, मागे फिर. ब्रिस्का फिरली नाही.
फाशांनी त्र्याहत्तर जीव कापले,
आणि ऑलिस मान वर न करता म्हणाला,
अकरा उरले.
आम्ही खुर्च्या पाडल्या. तळघराच्या छतावर
केर्टूने टाच आपटली, झोपू द्या म्हणून.

खरं तर ब्रिस्का उणे नऊवर पडली होती.
म्हणजे पलीकडे तिने वसवलेलं गाव नाही,
चौदा घरं आणि एक मोडकी गिरणी.
मीठवाल्यांशी झालेला तह नाही.
आणि तो मुका पोरगा, तिने पदरात घेतलेला,
ज्याच्याशी ऑलिस नुसता बोलत बसायचा
केर्टू गेली त्या हिवाळ्यात,
संध्याकाळच्या संध्याकाळ, फासा न टाकता,
आणि आम्ही कोणी म्हटलं नाही की आता खेळूया,
तोही नाही.

मी शोधलं, आकडा हाताने बदलता येतो का.
येतो. पण ती सोय विकतच्या आवृत्तीत.
फुकटात फक्त बरोबरच राहता येतं.

निवृत्तीच्या जेवणात मी उभी राहून सांगितलं होतं,
एक सेंट इकडचा तिकडे झाला नाही माझ्या हातून.
टाळ्या पडल्या होत्या.

पावणेबारा. बर्फ ओढणारी गाडी गेली,
भिंतीवर तिचा पिवळा दिवा फिरून गेला.
कार्डाचे सोळा आकडे टाकले,
मोठ्याने म्हणत, प्रत्येकावर बोट ठेवून.

जीव: चौऱ्याऐंशी.
त्रिकोण गेला. खाली चौकट उघडली:
बदलाचं कारण.
लिहिलं, हिशेबनिसाची चूक. खोडलं.
लिहिलं, पूल. तेही खोडलं.
चौकट रिकामी चालत नाही, म्हणतंय.

उद्या सोमवार, खेळाचा दिवस.
आणि ऑलिस नेमका चष्मा विसरेल,
कागद माझ्याकडे सरकवेल,
वाच गं, म्हणेल, किती उरलेत.