कर्ता गाळलेलं वाक्य

पहिल्या दिवशी चेंडू बॅटची कड घेऊन
मागे गेला, जाळीवर आपटला,
आणि मी टाळ्या वाजवल्या. एकटीने.
माझ्या हिशेबी तो देखणा लेट कट होता.
पुढच्या रांगेतली दोन मुलं वळून बघत राहिली.
शेजारच्या म्हाताऱ्याने वहीत पेन्सिलीने
काहीतरी बारीकसं टिपलं.

तिकीट कंपनीने फुकट दिलेलं.
मी बंदरातल्या क्रेनचे दोर तपासायला आले होते,
अकरा महिन्यांसाठी.

हे चौथं वर्ष.

आता माझी जागा उजव्या कुंपणामागे, रांग सव्वीस.
समोरचे खेळतात तेव्हा बसायचं, डबा उघडायचा.
आपले खेळायला आले की उभं राहायचं
आणि नववा डाव संपेपर्यंत
गुडघ्यांचं मत विचारायचं नाही.
पाठीवर बिअरची टाकी घेतलेली मुलगी
पायऱ्या चढते, उतरते, पुन्हा चढते;
तिला माहीत आहे, मी सहाव्या डावात हात वर करते,
आणि हरत असलो तर पाचव्याच.

प्रत्येक फलंदाजाला त्याची त्याची धून.
किरिबायाशीची सगळ्यात अवघड:
दहादा आला तर आठदा तो मान खाली घालून परत जातो,
पण ट्रम्पेट त्याला दर वेळी सांगतात
की समुद्र ओलांड, दीपगृह विझव, चंद्राला तडा दे.
मी जपानी शिकले ती या असल्या शब्दांत.
वॉर्ड ऑफिसात पत्ता बदलायला गेले
तर ‘राहायला आले’ हे क्रियापद आठवेना.
म्हणाले, नव्या घरी सरकत पोचले, सुरक्षित.
खिडकीतल्या बाईंनी निर्विकारपणे शिक्का मारला,
कागद माझ्याकडे सरकवला, दोन्ही हातांनी,
आणि आवाज खाली आणून विचारलं:
कुठल्या बाजूला बसता?

उएमात्सुसान फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे,
एकोणचाळीस वर्षं.
तिसऱ्या हंगामापर्यंत त्यांनी मला देश विचारला नाही.
विचारलं ते एवढंच, मुळ्याचं लोणचं चालतं का.
त्यांच्या वहीत वाऱ्याची दिशा असते,
पिचरने किती वेळा टोपी काढली ते असतं,
आणि एकदा पाऊस थांबायची वाट बघताना
त्यांनी मागची एक वही काढून दाखवली:
चौथा डाव, फाऊलची खूण, शेजारी
इवल्या अक्षरात:
टाळी, एक.

लीगमध्ये संघ सहा. आपला सहावा.

ऑक्टोबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना.
एका धावेने मागे, तिन्ही बेसवर आपली माणसं,
आणि बॅट घेऊन कोण यावं, तर किरिबायाशी.
आम्ही दीपगृह विझवलं. चंद्राला तडा दिला.
त्याने हवेला असं काही मारलं
की हेल्मेट वेगळं पडलं, तो वेगळा.

उएमात्सुसाननी वही मिटली. रबर लावलं.
‘माकेता,’ ते म्हणाले.

या शब्दाला कर्ता लागत नाही.
कोण हरलं ते सांगावं लागत नाही,
तो नुसता येऊन बाकावर बसतो
दोघांच्या मध्ये, डब्यासारखा.
मराठी असं सुखासुखी सोडत नाही.
हरले, तर ते.
हरलात, तर तुम्ही.
आणि हरलो म्हटलं तरी पुढे दारात उभीच:
आम्ही, की आपण?

मी काही बोलले नाही.
आमच्या रांगेतले कागदी पेले गोळा केले,
रिकाम्या मैदानाला त्यांच्याबरोबर वाकले.

रात्री बहिणीचा फोन.
आवाज का गं असा बसलाय?
ओरडून, म्हटलं. आपण हरलो.
‘आपण?’ ती म्हणाली,
‘अगं, आपली मॅच तर उद्या आहे.’

खाली ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी
किरिबायाशीची धून शिट्टीवर वाजवत होतं.
शेवटचा सूर चुकला.
मी खिडकीतून तो बरोबर करून दिला.