वर्गणी

पाकीट तीन दिवस किटलीमागं पडून आहे.
आत निळा कागद: शेतकरी संघ, डोंगरपट्टा शाखा,
वार्षिक वर्गणी एकशे बेचाळीस पौंड,
एकतीस मार्चच्या आत.
खाली इडवलची सही, कलती,
वाऱ्याला पाठ करून उभ्या मेंढीसारखी.

एकशे बेचाळीसमध्ये काय येतं ते मला पाठ आहे.
कुंपणाचे वीस खांब.
किंवा खुराकाची बारा पोती.
किंवा जनावरांच्या डॉक्टरची रात्रीची एक फेरी,
कोकरू मेलेलं निघालं तरी तेवढ्याच पैशांत.
खांब दिसतो.
पोतं संपतं, पण संपताना दिसतं.
संघ कुठं दिसतो?
फाटकावरच्या रंग उडालेल्या पाटीत,
आणि नोव्हेंबरातल्या त्या जेवणात,
जिथं ताटातलं मटण न्यूझीलंडचं आहे
ही कुजबुज सूपच्या आधीच सुरू होते.

ओढ्यापलीकडचा गेथिन सभासद नाही.
कधीच नव्हता.
ओढ्याकाठची दहा मीटर जमीन मोकळी सोडा, असा नियम आला
तेव्हा संघाची माणसं चार वेळा कार्डिफला गेली,
पायऱ्यांवर भिजत उभी राहिली,
दहाचे तीन मीटर करून आली.
गेथिनलाही तीनच.
त्याचं गवत माझ्या गवताइतकंच वाचलं.
आयत्या बिळावर नागोबा, मी तोंडावर म्हणाले.
तो म्हणाला, मेरेरिद,
ऊन काही पावती बघून पडत नाही.

खरं सांगायचं तर उत्तर सुचलं नाही.

वडील भरायचे. डब्यात पावत्या आहेत,
त्र्याहत्तरपासूनच्या, सुतळीनं बांधलेल्या.
त्यांची बोली वेल्श, सरकारी अर्ज इंग्रजी.
बर्फात चाळीस मेंढ्या गेल्या त्या वर्षी
इडवल, तेव्हा काळ्या केसांचा, याच टेबलाशी बसला,
तीन कप चहा प्यायला,
आणि वडिलांनी रडत सांगितलेलं
कोरड्या अक्षरांत चौकटी-चौकटींत भरत गेला.

पण हेही लिहून ठेवते:
जंगल कंपनीनं माझा बांध रेटला
तेव्हा मी मुख्य कचेरीला फोन केला.
पस्तीस मिनिटं पियानो वाजला.
मग एक मुलगी म्हणाली, वकिलाचा सल्ला
तुमच्या वर्गणीत बसत नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं,
हे तर उंटावरून पियानो.

सोमवारी नाव कमी करायला फोन लावला.
इडवलनंच उचलला. खोकला.
शाखेत किती उरले, मी विचारलं.
'तुला धरून अकरा.'
आणि मला सोडून?
पलीकडं घड्याळ ऐकू आलं, कुत्र्यानं अंग झाडलेलं ऐकू आलं.
'तसं मोजलं नाही कधी,' तो म्हणाला.
मी हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि ठेवला.

काल रात्री दोनला आडवं कोकरू.
माझा हात पुरेना.
गेथिन कंदील घेऊन आला, पायजम्यावर रबरी बूट,
कोपरापर्यंत साबण, डोळे मिटून,
जणू आत काहीतरी वाचतोय.
एक पाय. दुसरा पाय. मग नाक.
कोकरू शिंकलं.
याची वर्गणी कुणी कुणाकडं मागितली नाही.

नंतर चहा. त्याची नजर किटलीमागं गेली.
'ओढ्याचं पुन्हा दहा मीटर करणार म्हणतात,'
कपात बघत म्हणाला,
'तू भरणार आहेस ना?'

मी इतकी हसले की कोठीतली मांजर उठून बसली.
निळा कागद त्याच्यापुढं सरकवला.
अर्धे तुझे.

त्यानं खिसे चाचपले:
सुतळी, खिळा, बाटलीचं रबरी बोंडूक,
आणि चौघडी घातलेली वीसची एक नोट.
ती त्यानं बशीखाली ठेवली.
'चहाचे,' म्हणाला,
आणि कंदील विसरून गेला.

वीस पौंडांचा चहा.
आज अठ्ठावीस तारीख.
नोट पाकिटात घातली आहे,
पाकीट किटलीमागं.