अफवांची वही

एल्गॉन डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या चर्चच्या मागे
पत्र्याच्या खोलीत मक्याची पोती असतात,
लग्नांना उसनी जाणारी पातेली असतात
आणि खिळ्याला टांगलेली एक वही.
दोनशे पानी. कव्हरवर जिराफ.

आत चार रकाने:
काय ऐकलं. कोणाकडून.
त्यानं स्वतः पाहिलं का.
कोण जाऊन बघून येणार.

चौथा रकाना नासाम्बूबाईंनी वाढवला,
त्या निवडणुकीनंतर, जिचं साल आम्ही सांगत नाही,
नुसतं ‘तेव्हा’ म्हणतो.

तेव्हा रकाने नव्हते.
तेव्हा हरवलेल्या एका गाईची गोष्ट
ओढ्यापलीकडे पोचेतो तीन मुडदे झाली
आणि उजाडायच्या आत खरी झाली.

आता दर बुधवारी बसतो.
पास्टर मासिंदे प्रार्थना आटोपती घेतात, मी वही उघडते.

विहिरीत विष कालवलं. दूधवाल्याकडून. नाही.
सिकुकू गेला, दोन पेले पिऊन आला,
अजून उधारी मागतोय, म्हणजे ठीक आहे.

वरच्या आळीत रात्री ट्रकमधून भाले उतरवले.
मेव्हण्याच्या फोनवरून. नाही.
कुंपणाचे खांब निघाले.

सगळंच खोटं निघतं असं नाही.
मार्चमधलं पान:
न्दिवाची पोरं कोयत्यांना धार लावताहेत.
कोणाकडून? त्यांच्या आईकडून,
म्हणजे माझ्या बहिणीकडून.
स्वतः पाहिलं का? हो.

चौथ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.
कोणी खोकलं. कोणी दिव्याची वात सारखी केली.
मग ओढ्याच्या दोन्ही काठांच्या सहा बायका उठल्या,
चहाचा थर्मास घेतला, मक्याचं एक पोतं घेतलं
आणि न्दिवाच्या दारात, ऐन उंबऱ्याला लागून,
रात्रभर कणसं सोलत बसल्या.

बाहेर पडायचं तर पोरांना
आयांच्या मांड्या ओलांडाव्या लागल्या असत्या.
दोघं आतच झोपली.
तिसरा मागच्या खिडकीतून गेला.
त्याचं नावही वहीत आहे. अक्षर माझंच.

शहरातून एक साहेब आले होते,
म्हणाले, तुमच्या शांतीच्या कामाचे फोटो द्या.
न पेटलेल्या घराचा फोटो
इतर घरांसारखाच येतो, साहेब.
त्यांनी जिराफाचा काढला.

पेन दोऱ्यानं बांधून ठेवलंय,
पोरं पळवतात.
भाच्याच्या ओळीपुढे चौथा रकाना कोराच होता.
काल बहिणीनं तिथे स्वतःचं नाव लिहिलं.
तुरुंगात भेटीची वेळ दहाची आहे.
बस सहाला सुटते. मीही जाणार आहे.