न जळलेल्याचं बिल

साठ घरं, चार जिने,
शाळेच्या व्यायामशाळेत सभेला आलेली एकतीस माणसं.
मी म्हटलं, पदरचा एक सेंट नको.
कर्ज आमच्या कंपनीच्या नावावर.
भिंतींना दगडी लोकरीचं अस्तर, खिडक्यांना तिहेरी काच,
प्रत्येक रेडिएटरला चावी.
वीस वर्षं तुम्ही भरायचं आत्ताएवढंच बिल,
जळणात वाचेल ते आमचं,
मग सगळं तुमचं.

टालिवाल्डिस मागच्या बाकावरून उठला.
तेहेतीस वर्षं व्हाल्मियेराच्या बॉयलरवर काढलेला माणूस.
"म्हणजे जे जळलंच नाही, त्याचे पैसे?"
सगळे हसले. मीही,
कारण होतं ते तसंच.

जे घडलं नाही ते मोजणं हा माझा धंदा.
आधी मागचे तीन हिवाळे मांडायचे,
कुठल्या दिवशी उणे किती, मीटर कुठे.
जानेवारी सौम्य गेला
तर ती बचत आमची नाही, आभाळाची.
ती वजा करायची.
करारात आहे, पान अकरा,
तिथवर कुणी पोचत नाही.

त्या इमारतीत उष्णता आवरायला एकच उपाय होता, खिडकी.
बाहेर उणे अठरा,
आणि तिसऱ्या मजल्यावर गुंडेगा बाह्या दुमडून
उघड्या खिडकीत उभी, उकडतंय म्हणून.
कडेच्या घरात पोरं कानटोपी घालून झोपत.

चाळीस सह्या हव्या होत्या.
एकोणचाळीसवर महिना अडला.

तो एकदा माझ्यासोबत तळघरात उतरला.
पाईपला तळहात लावला,
तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"किती जातं बाहेर?"
"निम्म्याच्या वर."
बराच वेळ गप्प.
"म्हणजे मी इतकी वर्षं
गौया नदीचं खोरं तापवत होतो."
सही केली. वय ऐंशी,
करार वीस वर्षांचा.

चौथ्या वर्षी बचत हमीपेक्षा कमी भरली.
फरक आम्हीच भरला, कंपनीनं दातओठ खात.
बरंचसं पंपाच्या बिघाडानं,
थोडं एका खिडकीनं,
जी हिवाळाभर दोन बोटं उघडी होती.
कोणाची, ते मी अहवालात लिहिलं नाही.

आता तिथे एक तरुण जोडपं राहतं.
त्याच्या बिलाची ओळ त्यांच्या नावावर पुढे सरकली.
यंदा आकडा जुळतो.
मार्चमध्ये मीटर वाचून निघताना
मी अजून वर बघते,
खिडकी बंद असते.