पंधरा दिवस आधी

पॉल रणभिसेनं फोनवर पहिलं हेच विचारलं :
सुया झाल्यात का?
नाव नंतर, वय नंतर, काय खातात तेही नंतर.
रेल्वेत गार्ड होता तो, शिट्टी देण्याआधी
शेवटच्या डब्यापर्यंत बघायची सवय.
"एकाला खोकला झाला की अख्खं केनेल खोकतंय, ताई.
आणि आदल्या दिवशी टोचून आणू नका,
अंगात भिनायला पंधरा दिवस लागतात."

मला हैदराबादला निघायचंय अठरा दिवसांनी.
बोटांवर मोजलं. तीन उरतात.

म्हणून आज, मेच्या उन्हात,
मांजर टॉवेलच्या खोक्यात
(खोक्यावर छापलंय : सहा डझन, पाण्यापासून जपा)
आणि कुत्रा माझ्या पायाशी,
अशोक चौकातून रिक्षा केली.
"चावतंय का बे हे?" रिक्षावाला.
मी म्हटलं, अजून तरी फक्त हिशेब तपासतंय.
मुनीम नाव त्याचं. कारखान्यात
पगाराच्या दिवशी टेबलाखाली बसायचा.
कांडी तिथलीच, सुताच्या कांड्यांच्या टोपलीत सापडली,
डोळे उघडायच्या आधीची.
माग विकले तेव्हा भंगारवाल्यानं
खिडकीच्या गजांचाही भाव केला.
या दोघांचा भाव त्यानं विचारला नाही,
मीही सांगितला नाही.

दवाखान्यात लाईट गेलेली.
बसू कंपाउंडर बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन,
आत लसीच्या कुप्या,
कुणी तान्हं सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
डॉक्टर उंबरजे मुनीमशी मराठीत बोलले,
बसू कन्नडात, मी तेलुगूत.
तिन्ही भाषांत त्याला 'थांब' कळलं
आणि एकीतही तो थांबला नाही.

मानेमागची कातडी चिमटीत.
एक सुई पिसाळण्याची.
एक बाकी सगळ्या रोगांची मिळून.
खोकल्याचे थेंब नाकात.
मग त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं.

ती नजर माझीच.
दत्तनगरच्या शाळेत देवी काढायला आले होते,
मी नायनाच्या धोतरात तोंड खुपसलेलं,
आणि त्यानंच माझा दंड धरून पुढं केला.
दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.
वण अजून आहे बाहीखाली, जुन्या नाण्याएवढा.
तो रोग जगातून गेला.
नायनाही.

कांडीची पाळी आली तर खोकं रिकामं.
कपाटावर, वजनकाट्यामागं, शेवटी थर्मासच्या गारव्याला.
बसूच्या मनगटावर तीन रेघा उठल्या.
"मी टोचून घेतलंय ओ, काय नाय होत," म्हणाला,
आणि साबण लावून नळाखाली हात धरून उभा राहिला
कितीतरी वेळ.

पुस्तिकेत जात : गावठी. दोघांचीही.
मालकाचं नाव : सुलोचना अंबादास येमूल.
शिक्का वाळलेला, डॉक्टरांनी त्यावर फुंकर मारली.

केनेलचा फॉर्म तिथंच बाकावर भरला.
शेवटून दुसरी ओळ :
ठरल्या तारखेपासून तीस दिवसांत न्यायला कोणी न आल्यास
................ यांना कळवावे.
ऑपरेशनचा कागदही असाच होता,
तिथं भावाचं नाव पटकन लिहिलं.
इथं पेन अडलं.
भावाला मांजर चालत नाही. शेजारची नागमणी बिड्या वळते,
तंबाखूच्या सुपात केस नकोत तिला.
बसू म्हणाला, "कायतरी लिहा, ताई, रिकामं घेत नाहीत."
मी परत माझंच नाव लिहिलं.
त्यानं वाचलं, आणि काही न बोलता
पिन मारली.

आठ दिवस आंघोळ नाही, सांगितलंय.
ताप येईल थोडा, जेवणार नाहीत कदाचित.
कडक भाकरी दुधात कुस्करून ठेवली आहे,
कांडीनं वास घेऊन सोडली.
मुनीमच्या मानेवर टोचल्या जागी
हरभऱ्याएवढी गाठ आलीये, गरम.
रात्री लाईट पुन्हा गेली तसा
बोट तिथंच ठेवून बसले.