ताट्या बदलायच्या आहेत

एकतीस डिसेंबर. नागपूर आठ अंशांवर.
खिडकीतला कूलर जुनी चादर पांघरून बसलाय,
घरमालकीणबाईंसारखाच.
त्यांचं आडनाव डोईफोडे.
खोली बघायला आले तेव्हा पाटीपाशीच थबकले होते.
तेव्हा हसू आलं नव्हतं.
आता येतं, कधीकधी.

बाराला फटाके फुटणार, हे ठाऊक होतं.
कान आधीच तयार करून ठेवले होते.
तरी पहिल्या आवाजाला
हात आपसूक डोक्यावर गेला.
जाऊ दे.
अकरा वर्षं लागली त्याला हे शिकायला,
विसरायला मी त्याला
एका वर्षाची मुदत घालणार नाही.

वही उघडलीये. पानावर नुसती तारीख.
संकल्प मी दरवर्षी करायचे,
म्हणजे त्याच्या मर्जीसाठीच सगळे:
भांड्यांचा आवाज होऊ देणार नाही.
फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलेन.
सीताबर्डीहून घरी, बावीस मिनिटांत.
एकदा एकतीस लागली.
त्या नऊ मिनिटांचा हिशोब
मनगटावर बरेच दिवस निळा होता,
मग पिवळा.

यंदा प्रतिज्ञा नको.
ती मोडते, आणि मोडली की
कोण ओरडतं ते मला माहीत आहे.
त्याला सोडून आले, तरी त्याचा आवाज
माझ्यात राहतोच आहे,
ना भाडं, ना डिपॉझिट.

तेव्हा असं, पेन्सिलीनं, हलक्या हातानं:

एखाद्या संध्याकाळी मेट्रोतून
जयप्रकाश नगरला उतरायचंच नाही.
खापरीपर्यंत जायचं, रिकाम्या होत गेलेल्या डब्यात,
विमानतळाचे दिवे बघायचे,
आणि उलट्या गाडीनं परत यायचं.
कुणी विचारलंच तर सांगायचं, की
पण विचारणार कोण?

वरणात मीठ राहिलं तर राहिलं.

डोईफोडे काकू कळमन्याहून आणतात
त्यातली चार संत्री माझ्या दाराशी असतात.
एक अख्खं एकटीनं खायचं, गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून.
एकेक शीर काढत.
त्यातली गोड फोड कुणाची, हे न ठरवता.

गोकुळपेठेत मेथी निवडता निवडता
रडू आलं, तर त्या दिवसाला
वाया गेलेला म्हणायचं नाही.

आणि त्याची आठवण.
येते. सांगायला लाज वाटते, पण येते.
रविवारी कोपऱ्यावरून तर्रीचा वास आला की हमखास.
तोच आणायचा पोहे, वरून जास्तीचा चना,
शनिवारच्या रात्रीनंतर,
माझ्यासाठी चमचासुद्धा धुऊन ठेवायचा.
तर ती आली, की तिला हाकलायचं नाही.
दारही उघडायचं नाही.
बाहेर बसू द्यायचं, थंडीत,
कंटाळून जाईल.

"काहून वं, जागीच हाय का? लाइट दिसून राह्यला."
"हो, काकू."
नुसतं हो.
का जागी, कुणाशी बोलत होतीस, फोन दाखव,
यातलं काहीच पुढे आलं नाही.
जिन्यावर फक्त चपला वाजल्या,
आणि मग, "तो कूलर काढून ठेवाचा का गं?
का राहू देऊ? मार्चात लागनच तुले."

मार्च.
गेले कित्येक महिने मी
उद्याच्या पलीकडचं काही घरात ठेवलं नव्हतं.
तेलाची पिशवी लहानातली लहान,
बॅग पलंगाखाली, अर्धी भरलेली,
चेन उघडी.

मार्चमध्ये इथली दुपार
डांबरावर चप्पल चिकटवते.
मार्चमध्ये मी
या खिडकीत असेन?

"राहू द्या," म्हटलं.
आवाज जरा मोठाच निघाला.
फटाके थांबले होते, म्हणून असेल.

वहीत सगळ्यात खाली लिहिलं:
वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत.
पाणी भरायला लांब पाइप.
मग लक्षात आलं,
हातात पेन होतं.
खोडता येणार नाही.
असू दे.